पैसेवारी ४९ की ५१? 'जरा', 'बऱ्यापैकी' आणि 'बहुतेक' यांचा हिशेब मांडणारं फझी लॉजिक

एका गावाची पैसेवारी ४९ आली. बांधाला बांध लागून असलेल्या शेजारच्या गावाची ५१ आली. दोन्हीकडे पाऊस तोच, सोयाबीन तेच. पण महाराष्ट्रात वर्षानुवर्षं चालत आलेल्या हिशेबाप्रमाणे पहिलं गाव टंचाईच्या यादीत जातं आणि दुसरं बाहेर राहतं. जमीन महसुलात सूट, शेतीपंपाच्या वीजबिलात सवलत, पीककर्जाचं पुनर्गठन, पोरांची परीक्षा फी माफ, हे सगळं त्या एका रेषेच्या अलीकडे की पलीकडे यावर ठरतं. रेष ५० पैशांची.

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, ठरलेलं प्रमाण उत्पन्न म्हणजे पूर्ण रुपया धरला तर यंदा त्यातले किती पैसे पदरात पडले, त्याला पैसेवारी म्हणतात. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा हीच 'आणेवारी' होती, आणि जुनी माणसं अजूनही तोच शब्द वापरतात. हा आकडा एकदम जाहीर होत नाही. आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. गावपातळीवर महसूल आणि कृषी खात्याचे कर्मचारी, सरपंच, शेतकरी अशी समिती असते, पीक कापणीचे प्रयोगही होतात. म्हणजे यात अंदाज आहे, अनेकांची मतं आहेत आणि शेवटी एकच आकडा द्यायचा आहे.

नेमक्या अशाच कामासाठी गणितात एक मोठी शाखा उभी राहिली आहे. तिचं नाव फझी लॉजिक. फझी म्हणजे धूसर, कडा पुसट असलेलं. आधीच स्पष्ट करतो, पैसेवारी काढायला सरकार फझी लॉजिक वापरत नाही. पण ही पद्धत काय करते आणि कुठे फसवते, हे समजून घ्यायला पैसेवारीइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

फझी लॉजिक म्हणजे नेमकं काय?

१९६५ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात शिकवणाऱ्या लोत्फी झादेह यांनी 'फझी सेट्स' नावाचा शोधनिबंध लिहिला. झादेह यांचा जन्म १९२१ मध्ये बाकूचा, शिक्षण तेहरानमध्ये, पुढचं आयुष्य अमेरिकेत. त्यांचा मुद्दा ऐकायला अगदी साधा होता. शाळेत आपण संच शिकतो तेव्हा वस्तू संचात असते किंवा नसते. १ किंवा ०. पण 'उंच माणसं', 'महाग घरं', 'कमी पीक' हे संच तसे नसतात. इथे वस्तू थोडी आत आणि थोडी बाहेर असू शकते. मग तिला ० आणि १ च्या मधला आकडा द्यायला काय हरकत आहे?

'कमी पीक' हेच घेऊ. समजा आपण ठरवलं की ४० पैसे किंवा त्याखाली गेलं तर ते पूर्णपणे कमी पीक, म्हणजे १. साठ किंवा त्यावर असेल तर अजिबात कमी नाही, म्हणजे ०. मधल्या भागात सरळ उतार. या हिशेबाने ४९ पैशांच्या गावाला 'कमी पीक' हे वर्णन ०.५५ इतकं लागू पडतं आणि ५१ वाल्या गावाला ०.४५ इतकं. दोन गावांतला फरक होता तेवढाच दिसतो. जुन्या पद्धतीत मात्र एकाला १ मिळतो, दुसऱ्याला ०.

इथे बहुतेकांचा एक गोंधळ होतो. ०.४५ म्हणजे ४५ टक्के शक्यता नव्हे. 'उद्या पाऊस पडण्याची शक्यता ७० टक्के' या वाक्यात उद्या काय होईल ते आपल्याला माहीत नाही. 'बाहेर रिमझिम आहे, याला पाऊस म्हणावं का?' या प्रश्नात सगळं डोळ्यांसमोर आहे, अडचण शब्दाची आहे. शक्यतेचं गणित पहिल्या प्रश्नासाठी आहे, फझी लॉजिक दुसऱ्यासाठी.

सुरुवातीला या कल्पनेची बरीच टवाळी झाली. झादेह यांच्याच विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ विल्यम कॅन कडवे विरोधक होते. पण १९७० च्या दशकात लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजमध्ये इब्राहिम ममदानी आणि त्यांच्या विद्यार्थ्याने 'दाब जरा जास्त असेल तर उष्णता थोडी कमी करा' छापाच्या नियमांवर छोटं वाफेचं इंजिन चालवून दाखवलं. १९८७ मध्ये जपानच्या सेंदाई शहरातली मेट्रो हिताचीच्या फझी कंट्रोलवर धावू लागली. मग वॉशिंग मशीनवर 'फझी' लिहिलेलं दिसू लागलं. आपल्याकडे बहुतेकांनी हा शब्द पहिल्यांदा तिथेच वाचला असेल.

यंत्रांची गोष्ट इथेच सोडू. झादेह यांनी १९७० मध्येच रिचर्ड बेलमन यांच्यासोबत फझी परिस्थितीत निर्णय कसा घ्यायचा यावर लिहिलं होतं. माणसांच्या निर्णयांचा धागा तिथून सुरू होतो.

पाच जण, पाच मतं

गटाने निर्णय घ्यायचा म्हटलं की मीटिंग आली. आणि मीटिंगमध्ये काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. साहेब बोलले की बाकीच्यांच्या माना डोलतात. अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी १९५० च्या दशकात यावर एक तोड काढली, तिचं नाव डेल्फी. तज्ज्ञांना एकमेकांसमोर बसवायचंच नाही. प्रत्येकाकडून वेगवेगळं उत्तर घ्यायचं, सगळ्यांची उत्तरं नाव न सांगता सगळ्यांना कळवायची आणि पुन्हा विचारायचं. पहिल्या प्रयोगाचा विषय शीतयुद्धाला साजेसा होता. अमेरिकेचं शस्त्र उत्पादन ठरावीक प्रमाणात खाली आणायला सोव्हिएत बाजूला किती अणुबॉम्ब लागतील? सात तज्ज्ञांची पहिल्या फेरीतली उत्तरं ५० पासून ५,००० पर्यंत होती. पुढच्या फेऱ्यांत हे अंतर खूपच आटलं. हा सगळा प्रकार जाहीरपणे छापून आला तो १९६३ मध्ये.

डेल्फीची अडचण अशी की फेऱ्या संपता संपत नाहीत आणि तज्ज्ञ कंटाळतात. शिवाय 'एकच आकडा सांगा' म्हटलं की माणूस ठोकून देतो. म्हणून १९८० च्या दशकात फझी डेल्फी आली. तिथे एकाऐवजी तीन आकडे मागतात. कमीत कमी किती, बहुधा किती आणि जास्तीत जास्त किती. कागदावर काढलं तर याचा त्रिकोण होतो, म्हणून त्याला त्रिकोणी फझी संख्या म्हणतात.

आपल्या गावात करून पाहू. आकडे काल्पनिक आहेत, पण अशी माणसं प्रत्येक गावात भेटतील.

तलाठी म्हणतो ४८, ५५, ६०. कृषी सहायक ४५, ५०, ५८. सरपंच ३५, ४२, ५०. विहीर बागायतवाला शेतकरी ४५, ५२, ६०. आणि माळावरचा जिरायतवाला शेतकरी २५, ३६, ४५.

सरळ सरासरी काढली तर गटाचा त्रिकोण होतो ३९.६, ४७, ५४.६. म्हणजे 'बहुधा ४७'. त्रिकोणाचं क्षेत्रफळ मोजलं तर सुमारे ८१ टक्के भाग ५० च्या डावीकडे पडतो. एकच आकडा मागितला असता तर समितीने '४७' लिहून सही केली असती. इथे निदान एवढं दिसतं की मत ५० च्या खाली झुकलं आहे, पण पक्कं नाही. शेवटी त्रिकोणाचा पुन्हा एक आकडा करावाच लागतो, त्या पायरीला डीफझिफिकेशन म्हणतात. कारण कुठल्याच शासन निर्णयात 'हे गाव ०.६५ टंचाईग्रस्त' असं लिहिण्याची सोय नसते.

पण या पाच ओळींतली खरी बातमी सरासरीत नाही. तलाठ्याचा त्रिकोण ४८ ला सुरू होतो आणि जिरायतवाल्याचा ४५ ला संपतो. दोघांनी आपापल्या मतात भरपूर सैलपणा ठेवूनही दोन त्रिकोण एकमेकांना स्पर्शसुद्धा करत नाहीत. हा 'थोडा मतभेद' नव्हे. दोघं वेगळी शेतं पाहून आलेत. एक ओढ्याकाठची, दुसरा माळावरची. अशा वेळी सरासरी काढणं म्हणजे एक पाय उकळत्या पाण्यात आणि एक बर्फात ठेवून तापमान बरं आहे म्हणणं. माझ्या मते फझी पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे की त्रिकोण किती एकमेकांवर येतात ते मोजता येतं आणि कुठे आकडेमोड थांबवून पुन्हा शिवारात जायला हवं ते कळतं.

पोलंडचे यानुश काच्प्रिक यांच्यासारख्या संशोधकांनी १९८० च्या दशकात याचाच पाठपुरावा केला. एकमत म्हणजे शंभर टक्के एकमत असं धरलं तर ते कधीच होत नाही. म्हणून त्यांनी 'बहुतेक तज्ज्ञ बहुतेक मुद्द्यांवर सहमत आहेत' अशा सैल एकमताचं मोजमाप मांडलं.

'बहुतेक' म्हणजे किती जण?

'बहुतेक' हा शब्द आपण दिवसातून दहादा वापरतो. त्याचं गणित कसं करायचं? अमेरिकेतले रोनाल्ड यागर यांनी १९८८ मध्ये यासाठी एक पद्धत दिली, ओडब्ल्यूए नावाने ती ओळखली जाते. मतं मोठ्याकडून लहानाकडे रांगेत लावायची आणि वजन माणसाला न देता रांगेतल्या जागेला द्यायचं. कुठल्या जागेला किती, ते 'बहुतेक', 'किमान निम्मे', 'जमतील तितके सगळे' या शब्दांवरून ठरतं.

आपल्या पाच जणांचे मधले आकडे रांगेत लावले तर ५५, ५२, ५०, ४२, ३६.

'बहुतेकांचं मत' याची या शास्त्रात नेहमी वापरली जाणारी वजनं लावली तर पहिल्या जागेला ०, मग ०.२, ०.४, ०.४ आणि शेवटच्या जागेला पुन्हा ०. उत्तर ४७.२. गाव यादीत.

'किमान निम्म्यांचं मत' लावलं तर ०.४, ०.४, ०.२ आणि मग दोन शून्यं. उत्तर ५२.८. गाव यादीबाहेर.

'जमतील तितक्या सगळ्यांचं मत' लावलं तर आधी दोन शून्यं, मग ०.२, ०.४, ०.४. उत्तर ४१.२. गाव आरामात यादीत.

माणसं तीच, मतं तीच, बदलला तो फक्त एक शब्द. आणि तो शब्द कोणी निवडला? समितीने नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने किंवा अहवाल लिहिणाऱ्याने. अजून एक गोष्ट बघा. पहिल्या हिशेबात ५५ आणि ३६ या दोन्ही टोकांना शून्य वजन आहे. म्हणजे समितीत सगळ्यात जास्त नुकसान झालेला जो माणूस होता, त्याचं मत विचारलं गेलं, नोंदवलं गेलं आणि गुणाकारात गायब झालं. कुणी लबाडी केली नाही. सूत्रच तसं आहे, आणि टोकाची मतं बाजूला ठेवणं हा त्याचा हेतूच आहे. स्पर्धेत परीक्षकांचे सर्वाधिक आणि सर्वात कमी गुण काढून टाकतात तसंच. फक्त स्पर्धेत कुणाचं वीजबिल अडकलेलं नसतं.

या घराण्यात अजून बऱ्याच पद्धती आहेत, फझी एएचपी, फझी टॉप्सिस वगैरे. प्रकल्पाची जागा, पुरवठादार, यंत्र निवडायच्या प्रबंधांत त्या हमखास दिसतात. यातली गंमत म्हणजे मूळ एएचपी ज्यांनी तयार केली त्या थॉमस साटी यांनाच तिची फझी आवृत्ती पटली नव्हती. एएचपीतली माणसांची तुलना मुळातच अंदाजाची असते, तिला वरून पुन्हा धूसर करून काहीही सुधारत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

अंदाज वर्तवताना काय होतं?

आता भविष्याकडे वळू. इथे मतांच्या जागी मागच्या वर्षांचे आकडे असतात. या क्षेत्रातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या पटसंख्येचं आहे. १९७१ ते १९९२ या २२ वर्षांचे विद्यार्थीसंख्येचे आकडे घेऊन सोंग आणि चिसम या दोघांनी १९९३ मध्ये 'फझी टाइम सिरीज' ही पद्धत मांडली. १९९६ मध्ये तैवानच्या शी-मिंग चेन यांनी ती इतकी सोपी केली की आज वहीत करता येते.

पटसंख्या १३,०५५ पासून १९,३३७ पर्यंत फिरत होती. म्हणून १३,००० ते २०,००० या पट्ट्याचे हजार-हजारचे सात कप्पे पाडायचे आणि त्यांना शब्द द्यायचे, खूप कमी, कमी, मध्यम असं चढत. मग प्रत्येक वर्ष कुठल्या कप्प्यात होतं आणि त्याच्या पुढचं वर्ष कुठल्या कप्प्यात गेलं एवढंच लिहायचं. १५ ते १६ हजारांच्या कप्प्यातून पुढच्या वर्षी एकतर तिथेच मुक्काम झाला किंवा १६ ते १७ हजारांत उडी पडली. मग त्या दोन कप्प्यांच्या मध्यांची सरासरी, १५,५०० आणि १६,५०० ची, म्हणजे १६,००० हा अंदाज. आजी 'मृग कोरडा गेला की पुढं असं होतं' म्हणते त्यात आणि यात पद्धत म्हणून फार फरक नाही. फक्त इथे सगळी उदाहरणं लिहून ठेवलेली असतात, आठवतील तेवढीच नाही.

आकडे थोडे आणि ठोकळ असतील, तिथे हे उपयोगी पडतं. आता खाच कुठे आहे ते पाहू. १९८७ मध्ये पटसंख्या १६,८५९ होती, म्हणजे १६ ते १७ हजारांचा कप्पा. चेन यांच्या पद्धतीने १९८८ चा अंदाज येतो १६,८३३. प्रत्यक्षात विद्यार्थी आले १८,१५०. तेराशेहून अधिकची चूक. चालेल, अंदाजच तो, असं म्हणता येईल. पण १६,८३३ हा आकडा कसा आला? १६ हजारांच्या कप्प्यातून एकदा थेट १८ हजारांच्या कप्प्यात उडी पडली, तीही हिशेबात धरलेली आहे. ती उडी कधी पडली? १९८७ मधून १९८८ मध्ये जाताना. म्हणजे १९८८ चा अंदाज काढताना १९८८ चं उत्तर आधीच पोटात होतं!

खरोखर १९८७ मध्ये बसून हिशेब केला असता तर त्या कप्प्यातून पुढे दोनदा तिथेच मुक्काम आणि एकदा खाली घसरण एवढाच अनुभव हाताशी होता. अंदाज आला असता १६,०००. पटसंख्या कमी होणार असं सांगितलं गेलं असतं आणि त्या वर्षी ती जवळपास तेराशेने वाढली. हॉस्टेलच्या खोल्या, वर्ग, शिक्षक यांचं नियोजन या आकड्यावर झालं असतं तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

ही चेन यांची लबाडी नाही. त्यांनी पद्धत आणि आकडे दोन्ही उघड मांडले, म्हणूनच आपण आज तपासू शकतो. पण नंतरच्या कित्येक शोधनिबंधांनी याच २२ आकड्यांवर 'आमची चूक आणखी कमी' असे दावे केले. चूक मोजताना पुढची वर्षं बाजूला ठेवली होती का, हा प्रश्न असा कुठलाही दावा वाचताना पहिला विचारावा. दुसरा प्रश्न कप्प्यांच्या रुंदीचा. हजारऐवजी पाचशेचे कप्पे केले की अंदाज बदलतो. २००१ मध्ये तैवानमधूनच आलेल्या एका शोधनिबंधाचा विषयच कप्प्याची योग्य रुंदी कशी ठरवायची हा होता.

अचानक पडणारी उडी मात्र कुठल्याच रुंदीने सापडत नाही. जी गोष्ट मागच्या आकड्यांत एकदाही घडलेली नाही, तिला या पद्धतीत कप्पाच नसतो.

मग पैसेवारीचं काय?

दुष्काळ जाहीर करण्याची पद्धत आता बदलली आहे. २०१६ मध्ये केंद्राची नवी दुष्काळ संहिता आली. त्यात पावसाची तूट, पावसातला खंड, जमिनीतला ओलावा, उपग्रहातून दिसणारी पिकांची स्थिती असे निर्देशांक पाहतात आणि मग निवडक गावांत जाऊन प्रत्यक्ष पाहणी होते. एका आकड्याऐवजी अनेक आकडे एकत्र बघायचे, हा बदल फझी पद्धतीच्या दिशेने जाणारा म्हणता येईल. पण प्रत्येक निर्देशांकाला पुन्हा ठरलेल्या रेषा आहेतच. आधी गावाचं भांडण ५० पैशांशी होतं, आता तालुक्याचं या रेषांशी असतं. शेजारचा तालुका यादीत आला आणि आपला राहिला, ही तक्रार त्यामुळे थांबलेली नाही.

उतार असलेली मदत देता येणार नाही असं नाही. ५० च्या खाली सगळं आणि वर काहीच नाही, याऐवजी ४० ते ६० च्या मध्ये मदत हळूहळू कमी करत नेली तर ४९ आणि ५१ मध्ये दोन पैशांचाच फरक राहील, शिवाय कुणाला एक-दोन पैसे इकडेतिकडे करायला सांगण्यातही फारसा फायदा उरणार नाही. मात्र तेव्हा भांडण ४० आणि ६० वर येईल. उतार कुठून सुरू करायचा हे गणित सांगत नाही, ते कुणीतरी बसून ठरवावं लागतं. ते ठरवणाऱ्या खोलीत माळावरचा जिरायतवाला असेल का, हे त्रिकोणातून कळत नाही.

गावोगावची पैसेवारी मात्र अजूनही दर हंगामात निघते. पहिल्या फेरीचं नाव अजून 'नजरअंदाज'च आहे.